वाशातलं रिकामं भोक

१ जानेवारी, मंगळवार

या वर्षी संकल्प एकच. एल्क.

गेल्या नोव्हेंबरात माझ्या हातून नर निसटला, त्याचा आज शांत डोक्याने विचार केला. दोष सापडला. दोष काडतुसात आहे. थर्टी-ऑट-सिक्स! सासरेबुवांचं अख्खं घराणं साठ वर्षं याच काडतुसाने एल्क मारत आलंय हे मान्य, पण तेव्हाचे एल्क मवाळ असणार. आताचे माजलेत. घोड्याएवढं ते हरीण, त्याला आडवं करायला काहीतरी दमदार हवं.

आमच्या शिकारीच्या तंबूला मधोमध एक पाइनचा वासा आहे. घरातल्या प्रत्येकाने पहिला एल्क मारला की त्या गोळीची रिकामी पितळी पुंगळी वाशातल्या भोकात ठोकतात आणि खाली तापल्या तारेने नाव डागतात. सासरेबुवा, सासूबाई, माझी बायको कॉरीन (तेव्हा चौदा वर्षांची!), मेहुणा ड्वाइट, सगळे आहेत. माझं भोक सासरेबुवांनी लग्नाच्या वर्षीच पाडून ठेवलंय. नऊ वर्षं ते रिकामं आहे. ड्वाइट त्यात दात कोरायच्या काड्या ठेवतो.

या वर्षी काड्यांना दुसरी जागा बघावी लागेल.

३ मार्च, रविवार

अभ्यास जोरात. स्वयंपाकघराच्या भिंतीवर तक्ता लावला. पाचशे यार्डांवर कुठल्या गोळीत किती जोर उरतो, वारा असेल तर किती सरकते, सगळं. तीनशे मॅग्नम सरळ पहिली.

कॉरीनने विचारलं, की गेल्या वर्षी तो नर किती लांब होता. मी म्हटलं, हा तांत्रिक प्रश्न आहे. ती म्हणाली, तांत्रिक असू दे, आकडा सांग. साठ पावलं होता. पण मुद्दा तो नाही, आणि तिला मुद्दा कधीच कळत नाही.

१४ एप्रिल, रविवार

केलं एकदाचं.

काल गॅरिटीच्या दुकानातून तीनशे मॅग्नमची रायफल घेतली. बदल्यात जुनी दिली. जुनी म्हणजे सासरेबुवांनी लग्नात दिलेली. त्यांची स्वतःची. दस्त्यावर त्यांनी तरुणपणी चाकूने कोरलेली नावाची दोन अक्षरं आहेत. गॅरिटीने ती अक्षरं बघितली, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, अर्विडची ना ही? नक्की द्यायची? मी म्हटलं, मायेने एल्क मरत नाहीत.

वाक्य छान जमलं. घरी येताना मात्र ट्रक उगाचच दोनदा बाजूला थांबवला. जेवण जड झालं असेल.

कॉरीनला इतक्यात सांगायचं नाही. वासा भरला की सांगू. यशापुढे कुणी बंदुकीचं विचारत नाही.

९ जून, रविवार

चांदमारीच्या मैदानावर मॅग्नमचं उद्घाटन. तीन बार काढले. पहिल्याने खांदा निळा झाला. दुसऱ्याने दात वाजले. तिसऱ्याला बंदुकीवरची दुर्बीण मागे येऊन भुवईत घुसली. रक्त.

कॉरीनला सांगितलं, कपाटाचं दार लागलं. ती म्हणाली, कपाट गोल आहे वाटतं. भुवईवर दुर्बिणीच्या कडेची अर्धी चंद्रकोर उमटली आहे.

निशाणावर एकही भोक नाही. पण आवाज काय होता! खोऱ्यातले एल्क घाबरून गेले असणार.

१२ जून, बुधवार

मी पोस्टाच्या खिडकीत बसतो, हा माझा दोष आहे का? तिकिटं मागायच्या आधी प्रत्येक जण भुवईकडे बघतो आणि विचारतो, मॅग्नम का रे लाइल? म्हाताऱ्या बायकासुद्धा. पाद्रीसुद्धा. या गावात माणसं जखम बघून काडतूस ओळखतात. आज तर एकाने नुसतं हं केलं आणि पाकीट पुढे सरकवलं. त्याचाच जास्त राग आला.

४ जुलै, गुरुवार

वाईट दिवस. लिहायला हात उठत नाही, पण लिहितो.

सासरेबुवांच्या अंगणात सगळे जमले होते. ते माझ्याशेजारी येऊन बसले आणि बंदुकीचं विचारलं, माझी म्हातारी कशी आहे, तेलपाणी करतोस ना? मी म्हटलं, रोज. रोज कोण करतं? तोंडातून गेलं खरं.

मग त्यांनी सगळ्यांना सांगितलं, की यंदाचा तंबू शेवटचा. गुडघे संपले, घोडे विकणार. वासा मात्र खाली आणून घरात टांगणार, जेवायच्या टेबलावर, जसा असेल तसा. आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, तुझं तेवढं भोक राहिलंय पोरा. माझ्या बंदुकीने, तुझ्या हाताने. तेवढं बघितलं की मी मोकळा.

ड्वाइट म्हणाला, दाजी, टेन्शन घेऊ नका, नाहीतर माझ्या काड्या आहेतच.

सगळे हसले. म्हातारा हसला नाही. मी बटाट्याचं सॅलड तीनदा वाढून घेतलं, कारण तोंड भरलेलं असलं की बोलावं लागत नाही. मला बाप आठवत नाही. मला पहिली बंदूक या माणसाने दिली, आणि ती मी दुकानात ठेवून आलो. उद्या पहिलं काम, ती परत आणायची. सोपं आहे.

५ जुलै, शुक्रवार

विकली गेली. मेमध्येच! पलीकडच्या खोऱ्यातल्या एका रँचरने, गुरं पाळणाऱ्याने, मुलीसाठी नेली. गॅरिटी म्हणाला, मी तुला विचारलं होतं. ही माणसं विचारतात कशाला, हातपाय धरून थांबवत का नाहीत?

१७ ऑगस्ट, शनिवार

मॅग्नमचा सराव चालू. एक बारीक गोष्ट लक्षात आली. चाप ओढायच्या आधी माझे डोळे मिटतात. अगदी क्षणभरच.

गॅरिटीने आज मुद्दाम, मला न सांगता, बंदुकीत रिकामी पुंगळी भरली. मी नेम धरला, चाप ओढला. नुसतं टिक् झालं आणि मी बाकावरून उडालो. मैदानावरचे लोक पोट धरून हसले. एकाने टोपी काढून नमस्कार केला. गॅरिटी म्हणाला, तुला काडतूस नको, विश्रांती हवी.

निदान: मॅग्नम माझ्यासारख्या संवेदनशील माणसासाठी नाही. साडेसहा क्रीडमूर हे हलकं काडतूस पाहिजे होतं. धक्का कमी, नेम अचूक. एप्रिलमध्येच का सुचलं नाही? पण आता घेता येत नाही. आता म्हातारी परत आणायची आहे.

रँचरला फोन केला. नाही म्हणाला. मुलीला आवडली आहे.

२१ सप्टेंबर, शनिवार

रँचरकडे चौथी फेरी. त्याच्या कुत्र्याने आता भुंकायचंही सोडलंय. मी खरं काय ते सगळं सांगितलं. सासरा, वासा, भोक, सगळं. त्याची बायको दारात उभी राहून ऐकत होती. ती नवऱ्याला म्हणाली, अरे देऊन टाक, हा माणूस रडेल इथे. मी रडत नव्हतो. वारा होता.

तो कबूल झाला. मॅग्नम त्याला, आणि वर माझी मासेमारीची बोट.

१२ ऑक्टोबर, शनिवार

म्हातारी घरी आली! दस्त्यावरची अक्षरं जागच्या जागी. त्या मुलीने गुलाबी पट्टा लावलाय तेवढा काढायचा. मी तिचा मुका घेतला आणि नेमकी कॉरीन आत आली. म्हणाली, माझा कधी असा घेतलास? मग विचारलं, बोट कुठाय? दुरुस्तीला, म्हटलं.

आता काडतुसं. गॅरिटी म्हणतो, हार्डवेअरच्या दुकानातली साधी डबी घे, एल्क काय डबी वाचणार आहे? मी ऐकलं नाही. इतका अभ्यास केला तो काय वाया घालवायचा? तांब्याच्या टोकाची खास काडतुसं त्याच्याकडून हाताने भरून घेतली. हिरव्या प्लॅस्टिकच्या डबीत आली. मॅग्नमची उरलेली काडतुसंही त्याने तसल्याच हिरव्या डबीत दिली होती. दोन्हींवरची लेबलं खरवडून टाकली. कॉरीनच्या हाती पुरावा लागायला नको.

मी किती पुढचा विचार करतो, हे कुणाला दिसत नाही.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

तंबूत पोचलो. बर्फ घोट्यापर्यंत. जेवायला ड्वाइटच्या गेल्या वर्षीच्या एल्कच्या मांसाची चिली, तिखट रस्सा. प्रत्येक घासाला तो माझ्याकडे बघून आवडली का विचारत होता.

सासरेबुवांनी बंदूक मांडीवर घेतली आणि कितीतरी वेळ दस्त्यावरून अंगठा फिरवत बसले.

मग रिवाजाप्रमाणे त्यांनी कॉफीचा जुना डबा टेबलावर ठेवला. या घरात सगळ्यांचं काडतूस एकच, त्यामुळे डबाही एकच. पहाटे निघताना ज्याने त्याने मूठभर घ्यायचं. माझ्यापुढे सरकवला. मी म्हटलं, राहू द्या, मी स्वतःचं खास आणलंय. ड्वाइट म्हणाला, दाजींचे एल्कपण स्पेशल असतात, दिसतच नाहीत. कॉरीन म्हणाली, घे रे गपचूप चार. मी घेतलं नाही. माणसाला काही तत्त्वं असतात.

उद्या सासरेबुवा स्वतः माझ्याबरोबर बसणार. बंदूक न घेता. नुसतं बघायला.

२६ ऑक्टोबर, शनिवार. दुपार, तंबूत

बूटही न काढता लिहितोय.

म्हाताऱ्याला धरून धरून टेकडीवर नेला. दर वीस पावलांना गुडघ्यांना शिव्या. आडव्या पडलेल्या झाडामागे बसलो. उजाडेपर्यंत कुणी बंदूक भरायची नाही, हा त्यांचा नियम. उजाडलं. आणि तो समोर. नर. एवढी शिंगं, तोंडातून वाफ, आडवा उभा. इतका जवळ की चघळताना ऐकू येत होता.

हिरवी डबी उघडली. काडतूस घातलं. अर्धं गेलं आणि अडलं. दुसरं घेतलं. तेही अडलं. लांबीला दोन्ही जाती सारख्याच, मॅग्नम फक्त अंगाने जाड. मी घरून मॅग्नमची डबी आणली होती.

सासरेबुवा कानात पुटपुटले, मार की. मी ढकलत होतो. देवा, मी अंगठ्याने ढकलत होतो! पुन्हा म्हणाले, अरे मार. मग त्यांनी माझ्या हातातून ते काडतूस काढून घेतलं आणि उजेडात धरलं. एल्कने निवांत मुतून घेतलं, आमच्याकडे एकदा बघितलं आणि झाडीत गेला.

मला वाटलं आता हे मला सोडून खाली जातील. त्यांनी काडतूस खिशात टाकलं आणि विचारलं, मॅग्नम का रे?

मी सगळं ओकलो. दुकान, रँचर, बोट. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, मला चार जुलैलाच कळलं होतं. तुझी भुवई बघितली. माझ्या म्हातारीने साठ वर्षांत कुणाची भुवई फोडली नाही. मी विचारलं, मग बोलला का नाहीत? तर म्हणाले, परत आणतोस का ते बघायचं होतं. आणलीस. आता मला उठव, थंडी वाजते.

मी त्यांना उठवलं. या वेळी वारा नव्हता. मी रडलोच.

२७ ऑक्टोबर, रविवार

शेवटचा दिवस. पहाटे डब्यातली मूठभर काडतुसं घेतली, सगळ्यांच्या देखत. ड्वाइटनेच डबा पुढे सरकवला.

कॉरीनही बरोबर आली. तिघे त्याच झाडामागे. दुपारनंतर एक मादी आली, एल्कच, भरल्या अंगाची. चाळीस पावलं. काडतूस सुळकन आत गेलं. बोल्टची कडी लागली. सगळं बरोबर होतं. माझ्या आयुष्यात इतकं सगळं कधीच बरोबर नव्हतं.

चाप ओढला. डोळे मिटले.

उघडले तेव्हा मादी नव्हती. तिच्या डोक्यावरची चांगली मनगटाएवढी पाइनची फांदी तुटून बर्फात पडली होती. मग कॉरीनच्या नाकातून एक आवाज आला. तिने तोंडावर हातमोजा दाबला, पण आतून हलत होती. आणि म्हातारा! तो आडव्या झाडावर लोळून हसला. गुडघे, थंडी, सगळं विसरला. डोळे पुसत म्हणाला, सरळ फांदीच्या गाभ्यात मारलीस की रे!

ड्वाइट फांदी ओढत खाली घेऊन आला. माझ्या भोकातल्या काड्या सासरेबुवांनी स्वतः उपसल्या. काल खिशात टाकलेलं मॅग्नमचं काडतूस काढून त्यांनी आधी ते घालून बघितलं. भोकातही गेलं नाही. ड्वाइट म्हणाला, ड्रिल आणू? ते म्हणाले, भोक घरच्या मापाचं आहे, ते मोठं करायचं नाही. मग बर्फातून शोधून आणलेली माझी थर्टी-ऑट-सिक्सची पुंगळी ठोकली. बरोबर बसली. मी म्हटलं, अहो, पण एल्क नाही मारला. म्हणाले, जे मारलंस ते लिहू. तार तापवली आणि डागलं: लाइल. पाइन.

वासा उद्या खाली जाईल आणि जेवायच्या टेबलावर टांगला जाईल. दर नाताळला, दर वाढदिवसाला, माझी नातवंडं वर बघून विचारतील. माझी काही तक्रार नाही. नाव लागलं. खरंच लागलं.

फक्त एक नोंद करून ठेवतो. पाइनसाठी थर्टी-ऑट-सिक्स जरा जास्तच होतं. साडेसहा क्रीडमूर पुरलं असतं.