रिकाम्या रुग्णवाहिकेचं बिल

आदरणीय दादा,

साष्टांग नमस्कार. (हल्ली साष्टांग घालायला गुडघे राजी नसतात, तेव्हा कागदावरचाच गोड मानून घ्यावा.) तुमची साखर, वहिनींची कंबर आणि तुमच्या बहिणीचा प्लास्टरमधला पाय, तिन्ही ठीक असतील असं धरून चालतो. धरूनच चालावं लागतं, कारण ही फोनवर येत नाही. मी फोन केला की वहिनी सांगतात, 'आत्ताच डोळा लागलाय.' इतक्या वेळा डोळा लागणारी बाई मी उभ्या संसारात पाहिली नव्हती. असो. हे पत्र त्यासाठी नाही. ती तुमच्याकडे किती दिवस राहते हा तुम्हा भावाबहिणीचा प्रश्न. हे पत्र एका सार्वजनिक अन्यायाविषयी आहे, आणि जन्मभर बँकेत दुसऱ्यांचे हिशेब तपासलेल्या माणसाने ते शांतपणे वाचावं.

घटना तुम्हाला एकाच बाजूने कळलेली आहे. ही स्टुलावरून पडली. (ती स्टुलावर का चढली हा वेगळा मुद्दा. मला भाषणासाठी वरच्या फळीवरचा एक ग्रंथ हवा होता हे खरं, पण तो त्याच क्षणी हवा असं मी म्हटलेलं नव्हतं.) घोटा सुजला, पाय टेकवेना. मी ताबडतोब रुग्णवाहिका बोलावली, हे माझ्या बाजूला मांडून ठेवा. गाडीही लगेच आली. चालक आणि मदतनीस वर आले, हिला स्ट्रेचरवरून अलगद खाली नेलं, गाडीत ठेवलं, आणि फाटकाशी मी चालकाला एकच साधा प्रश्न विचारला: आकार किती?

दादा, भाजीवाला भाव सांगतो, न्हावी सांगतो, कुलूप उघडायला येणारा तर कुलपाकडे बघण्याआधी सांगतो. या एकाच धंद्यात गिऱ्हाईक आडवं असतं म्हणून भाव विचारणं असभ्य ठरतं. चालक म्हणाला, पहिल्या टप्प्याचा ठरलेला आकार, पुढे किलोमीटरवर, शिवाय परतीचं अंतर, शिवाय प्रतीक्षा. परतीचं अंतर म्हणजे रुग्णाला सोडून गाडी मोकळी परत जाते, तिचेही पैसे रुग्णानेच द्यायचे. मी म्हटलं, गाडीला स्वतःच्या घरी जायचं असेल तर त्याचा खर्च माझ्या घराने का सोसावा? तो म्हणाला, 'काका, दर ऑफिस ठरवतं. मी नुसतं स्टेअरिंग फिरवतो.' जगातल्या प्रत्येक जुलमी व्यवस्थेच्या नोकराने आजवर हेच उत्तर दिलेलं आहे, आणि ते मी त्याला उदाहरणांसह पटवून दिलं. (जकात, वेठबिगार, गलबतांवरची भाडी, सगळं ओघात आलं. इस्त्रीवाला हातातली इस्त्री उभी करून ऐकत होता.) मग मी प्रतीक्षेकडे वळलो. प्रतीक्षा आकार म्हणजे नेमकं काय, असं विचारल्यावर त्याने घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, 'हेच, काका. आत्ता जे चाललंय ना, ते.' म्हणजे बघा, आकार समजून घेण्याचाही आकार. यावर गप्प बसणारा माणूस मी नव्हे, हे तुम्ही लग्नाच्या बैठकीपासून जाणता.

या अवधीत हिने मला दोनदा 'अहो' अशी हाक मारल्याचं नंतर सांगण्यात आलं. मला एकच ऐकू आली, आणि ती मला पाठिंब्याची वाटली.

माझी पाठ गाडीकडे होती. वक्त्याने श्रोत्याकडे बघायचं असतं. त्यामुळे आमच्या तळमजल्यावरचा गादीवाला टेम्पो घेऊन निघाला होता, हिने त्याला थांबवलं, मदतनीस आणि गादीवाल्याने हिला स्ट्रेचरसकट उचलून नव्या गाद्यांच्या थप्पीवर ठेवलं, मदतनीस रुग्णवाहिकेचं मागचं दार लावून त्याच टेम्पोत चढला, आणि गाद्यांचं प्लास्टिक फाडू नका एवढ्या एकाच अटीवर ती मंडळी चालती झाली, यातलं काहीही मला दिसलं नाही. चालकाने फक्त दार लागल्याचा आवाज ऐकला, आणि बऱ्याच वेळाने, माझे मुद्दे संपत नाहीत असं पाहून, हात जोडले. 'काका, पुढं बसा. बोलत बोलत जाऊ.' मी बसलो. सायरनमुळे आवाज चढवावा लागला, पण मुद्दा सुटू दिला नाही.

रुग्णालयात मागचं दार उघडलं. आत एक चुरगळलेली चादर आणि हिची एक चप्पल. चालक माझ्याकडे वळला. 'काका, पेशंट कुठाय?' मी म्हटलं, गाडीत ठेवलेल्या रुग्णाची जबाबदारी सेवेची असते. नोंदणीच्या खिडकीतल्या बाईंनी सांगितलं, गाडीची फेरी नोंदीत चढली आहे, ती बंद करायची तर पेशंट उतरवून घ्यावा लागतो, नाहीतर खोटं बोलावणं समजून दंड बसतो. आणि मग अगदी सहज म्हणाल्या, 'कुणीतरी आडवं व्हा ना.' दादा, दंड भरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं. आडवं होणं म्हणजे फक्त आडवं होणं. मी तत्त्वाच्या बाजूने आडवा झालो. तेवढ्यात परिचारिकेने रक्तदाब घेतला, आकड्याकडे पाहिलं, दुसऱ्या दंडावर पुन्हा घेतला, आणि डॉक्टरांना हाक मारली. नाकावर प्राणवायूची नळी आली. 'बोलायचं नाही,' असा हुकूम सुटला. मी त्या हुकमाचा कायदेशीर आधार विचारला.

त्याच वेळी समोरून चाकाच्या खुर्चीत ही आली, पायाला ओलं प्लास्टर, खुर्ची ढकलणारा गादीवाला. तिने मला पाहिलं, नळी पाहिली, चालकाचा चेहरा पाहिला. मी उठून तिला परतीच्या अंतराचा प्रश्न थोडक्यात सांगू लागलो. तिने ऐकलं. मग मान वळवून म्हणाली, 'भाऊ, तुमचा टेम्पो माझ्या दादाच्या घरावरून जातो का?' तो म्हणाला, 'जातो की, ताई.' (जात नाही. मी नंतर चौकशी केली. उलट्या दिशेला जातो.)

आता बिल आलं आहे. रुग्ण म्हणून माझं नाव, कारण 'घोट्याची इजा व उच्च रक्तदाब'. ठरलेला आकार, किलोमीटर, परतीचं अंतर, स्ट्रेचर (जे टेम्पोत होतं), मदतनीस (जो टेम्पोत होता), प्राणवायू, आणि सगळ्यांत मोठी रक्कम प्रतीक्षेची. यातला एक पैसाही मी भरणार नाही. प्रकरण ग्राहक मंचापुढे नेईन, चौकाचौकांत सभा घेईन. बिलाची प्रत जोडली आहे, तिच्यावर तुमची बँकेतली नजर फिरवावी. वहिनींना नमस्कार. हिला काही सांगू नये.

आपला,
अन्यायापुढे उभा असलेला (डॉक्टरांनी तूर्त बसून राहायला सांगितलेला) मेहुणा

ता. क. हिला हलवायचं तर पाय उंच ठेवून, आडवं न्यायला हवं, असं डॉक्टर म्हणतात. म्हणून तुमच्याकडून हिला आणायला मी रुग्णवाहिका सांगायला गेलो. फोनवरच्या मुलीने पत्ता ऐकून घेतला आणि म्हणाली, 'त्या फाटकावर आमचे ड्रायव्हर येत नाहीत, काका.' दुसऱ्या सेवेलाही ठाऊक होतं. चालक एकमेकांशी बोलतात, दिसतंय. तेव्हा गाडी तुमच्या नावाने सांगावी. परतीचं अंतर, प्रतीक्षा, जे काय म्हणतील त्याला हो म्हणावं.

ता. क. (राहिलेलं) मी गाडीबरोबर येणार नाही. फाटकाशीही उभा राहणार नाही, वरच थांबेन. पलंग खिडकीशी ओढून घेतलाय. पायाखाली घ्यायला गादीवाल्याकडून दोन उशा आणल्यात, भाव न विचारता.

ता. क. (शेवटचं) ग्राहक मंचाचं विसरून जा. बिल परवाच भरलं. खिडकीवर मी सगळे मुद्दे मांडले, बाईंनी हनुवटीला हात लावून शेवटपर्यंत ऐकून घेतले, आणि विचारलं, 'काका, काकू आल्या का हो घरी?' मी परतीच्या अंतरासकट सगळे पैसे मोजून दिले.

शनिवारी जमेल का?