फाटे फुटलेला फर्न

४ एप्रिल
दादाचं नाव! प्रदर्शनातल्या पाटीवर, ठळक अक्षरांत. 'नवा फर्न, शेंड्यांना फाटे — घरी तयार केलेला.' कोणाच्या घरी? माझ्या! तीन वर्षांपूर्वी माझ्या माशांच्या टँकमधल्या साध्या फर्नच्या एका पानावर फाट्यांचं एकच पिल्लू, पानातूनच फुटलेलं इवलं रोप, आलं. ते मी हेरलं, मी वेगळं केलं, दोऱ्याने दगडाला बांधलं. मग त्याची पिल्लं. दादानेही निवृत्तीनंतर टँक घेतला, "काहीतरी दे ना गं, भुंडा दिसतो," म्हणाला, म्हणून मूळचं थोरलं झाड देऊन टाकलं. आणि आता टँकवाल्यांच्या मंडळाच्या प्रदर्शनात हा पहिला! अंगाचा नुसता तिळपापड झाला.

वहिनी म्हणते, "अगं, घरातल्या घरात काय तुझं नि त्याचं!" हिचं काय जातंय म्हणायला.

५ एप्रिल
दवाखान्यात दिवसभर दातदुखीवाल्यांना नंबर देत बसले. एका आजोबांनी विचारलं, "तुमचीही दाढ दुखतेय का?"

९ एप्रिल
दादाचा फोन. आवाज घाबराघुबरा. "चिमे, पानांच्या खालून काळे ठिपके आलेत गं. ओळीने. रोग तर नाही?"

रोग कसला! अशाच जून पानांवर पिल्लं धरतात. नुसता हात लावायचा नाही, की थोड्या दिवसांत इवलाली झाडं लोंबायला लागतात. हे सगळं जिभेवर होतं. मी म्हणाले, "रोगच तो. सगळी पानं छाट. आणि खोड असं उघडं ठेवू नकोस, खडीत चांगलं खोल पूर."

या फर्नचं आडवं खोड पुरलं की कुजतं. मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन.

"बरं झालं तुला विचारलं," म्हणाला. फोन ठेवला आणि बरं वाटलं. खोटं कशाला लिहू — फार बरं वाटलं.

१२ एप्रिल
अजून बरं वाटतंय. जरा कमी.

२० मे
पुढच्या प्रदर्शनात मी उतरणार. माझं झाड, माझं नाव! पण माझ्याकडे उरलीत पाच, तीही बोटभर. त्यांच्याकडे कोण ढुंकून बघणार? टँकचा हीटर वाढवला. उबेला भराभर वाढतील. वहिनीच्या तोंडावर पाटी वाचायची आहे मला.

२९ मे
पानं तपकिरी, आरपार दिसायला लागलीत. हीटर बंद केला. निम्मं पाणी बदललं.

२ जून
पाचही गेली. बोट लावलं की पानाचा लगदा होतो. याला उष्णता सोसत नाही हे मला माहीत होतं! दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी त्याची अक्कल काढली असती.

म्हणजे आता हा फर्न उरला असलाच तर एकाच ठिकाणी — दादाच्या खडीत. पुरलेला. पुरायला कोणी सांगितलं? मी! बाथरूमचा नळ सोडून रडले. दादासाठी नाही, फर्नसाठी. माणूस इतकं वाईट असतं.

३ जून
दवाखान्यातून तडक दादाकडे. टँकमध्ये नुसती खडी. पण गॅलरीत बादली — "छाटलेली पानं फेकवेनात गं. तू इतकी जपलेली." पाण्यावर तरंगणाऱ्या पानापानाला पिल्लं! शेंड्यांना बारीक फाटे! निम्मी त्याने डब्यात घालून दिली. मग हळूच म्हणाला, "थोरलं झाड मात्र कुजलं. तू नीट सांगितलं होतंस, माझंच काहीतरी चुकलं असेल, नाही?"

"असेल," म्हणाले.