इस्पितळाच्या स्लॅबचे श्रेय

मी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, निवृत्त साइट इंजिनिअर, गुडघे वगळता शरीराने व मनाने धडधाकट असून, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवीत आहे. आधीचे रद्द समजावे.

१. राहते घर व शिल्लक पत्नीला, तिच्या पश्चात मुलीला. जिन्यातली गळती माझ्याकडून राहिली. त्याबद्दल पत्नीने मला आयुष्यभर पुरेसे ऐकवले आहे.

२. उंची-सपाटी मोजायची माझी लेव्हल-दुर्बीण व तिची तिपाई माझ्या साइटवरच्या जुन्या फोरमनला. उन्हात ठेवू नये.

३. धाकट्या भावाला घड्याळ. माझ्या लग्नात तो जेवणाच्या वेळी उगवला, हा राग मी सोडला.

४. इस्पितळाच्या कामावर प्लंबर आणि वायरमन महिनाभर एकमेकांचे तोंड पाहत नव्हते. प्रत्येकाचा नकाशा वेगळा. समन्वयासाठी आलेल्या बाईंनी सगळे नकाशे जुळवून एकच केला व रोज सकाळी सर्वांना त्याभोवती उभे केले. आम्ही त्यांना ‘नकाशाबाई’ म्हणत असू. मी सर्वांत मोठ्याने.

ऑपरेशन थिएटरवरचा स्लॅब टाकायच्या दिवशी त्या मिक्सरपुढे येऊन उभ्या राहिल्या.

“साहेब, थांबवा. ऑक्सिजनच्या नळीला बीममध्ये जागाच सोडलेली नाही. उद्या बीम फोडाल?”

“बाई, रेघा मारणं वेगळं, स्लॅब टाकणं वेगळं. व्हा बाजूला!”

त्या हलल्या नाहीत. मला सोडून त्यांनी प्लंबरला विचारले, “दादा, नळी दुसरीकडून वळेल?”

“वायरींसाठी ठेवलेल्या भोकातून वळेल. पण तो सोडेल तर ना!”

वायरमनने नकाशावर बोट फिरवून पाहिले. मग म्हणाला, “घे तू. माझे पाइप मी पलीकडून फिरवतो.”

तीन तासांत सगळे पाइप जागेवर बसले. स्लॅब झाला, पुढे कुठेही छिन्नी लावावी लागली नाही. इतके सुंदर काम मी पुन्हा पाहिले नाही.

उद्घाटनाला ‘उत्कृष्ट समन्वयाबद्दल’ मानपत्र मला मिळाले. बाई तिसऱ्या रांगेत टाळ्या वाजवीत होत्या. मी ते घेतले. ते त्यांना द्यावे.

५. वरील कलम वाचून पत्नी म्हणाली, “मेल्यावर कशाला? पाय आहेत ना अजून?” म्हणून काल मी स्वतः गेलो. बाईंनी मानपत्र वाचले, मला बसवले व म्हणाल्या, “एकटीचं नाही हे. त्या दोघांनाही बोलवा.”

आज तिघेही आले. कलम ४ मधील देणे पुरे झाले. मजकूर मात्र खोडू नये.

स्थळ : राहत्या घरातील पुढची खोली
दिनांक : अठरा जानेवारी
सही : साइट इंजिनिअर

आमच्यासमक्ष सही केली. साक्षीदार :
प्लंबर
वायरमन
समन्वयक (यांनी खाली स्वहस्ते लिहिले : “साहेबांनी त्या दिवशी मिक्सर थांबवला होता, हेही नोंदवावे.”)