बापूच्या बोलण्याची विखुरलेली पानं

३ फेब्रु., मंगळवार
सकाळी मित्राकडे, बापूकडे. अर्धांगाच्या झटक्याला महिना होत आला, जीभ अजून उचलत नाही. डावा हात बरा. सून पद्मा पेज भरवत होती. मला बघून तिचा एकच प्रश्न, "काका, मामंजींचं ते सापडलं काय?"
नाही सापडलं. आजारी पडायच्या आधी गडी आठवडाभर माझ्या मागल्या खोलीत माईकपुढं बसायचा. पुण्याच्या नातीसाठी स्वतःची हकिकत सांगायचा. बोललं की आपोआप टाइप होतंय, याचं त्याला भारी कौतुक. मी बाहेर बसायचो, माझ्यासमोर लाजायचा. टाइप करणारा प्रोग्रॅम लॅपटॉपमधल्या संगणकातल्या संगणकात, म्हणजे व्हर्च्युअल मशीनमध्ये, चालायचा; संध्याकाळी तो अख्खा संगणक मी गोठवून ठेवायचो. सकाळी जिथं होता तिथंच जागा. सेव्ह करायची गरज कुणाला वाटलीच नाही.
मग लॅपटॉपचा बोर्ड जळला. डिस्क तेवढी वाचली. नव्या मशीनचा प्रोसेसर वेगळा, त्यामुळं गोठवलेला काही जागा होईना. पण त्याची त्या घटकेची सगळी मेमरी एका फाइलीत आहे. म्हणजे बापू आत आहे. काढायचा कसा?

५ फेब्रु.
फाइलीत "गुऱ्हाळ" हा शब्द शोधला. सापडला! खुर्चीतून उठलोच. पण वाक्य मध्येच तुटतं आणि पुढं कसल्यातरी जाहिरातीचं चित्र. बापूचा दुसरा तुकडा कुठल्या कुठं लांब. पुढचा कुठला, मागचा कुठला, पत्ता नाही.
कारण कळलं. लिहिणाऱ्या प्रोग्रॅमला वाटतं आपली पानं ओळीनं आहेत. कर्नल, म्हणजे संगणकाचा आतला मुख्य कारभारी, ती रिकामी जागा दिसेल तिथं टाकतो. लग्नातल्या पंगतीत एका घरची माणसं मिळेल त्या पाटावर बसतात, तसं. कोण कुठं बसलंय याचे तक्ते कर्नलकडं असतात. पेज टेबल. तेही मेमरीतच, म्हणजे माझ्या फाइलीतच!

७ फेब्रु.
दिवसभर वाचन. जन्म मोटारी रिवाइंड करण्यात गेला, हे कुणी शिकवलं नाही, म्हणून गोडी जास्त.
प्रोग्रॅमला ठाऊक असलेल्या पत्त्याचे तुकडे पाडायचे. पहिला तुकडा वरच्या तक्त्यातली ओळ सांगतो. त्या ओळीत दुसरा तक्ता कुठं आहे ते. दुसऱ्यातून तिसरा, तिसऱ्यातून चौथा, चौथ्यातून पान. शेवटचा तुकडा म्हणजे पानातली जागा. चार पायऱ्या उतरायच्या, मग घर.
एकच मोठा तक्ता का नाही केला? जेवताना उजेड पडला. ओसाड जागेसाठीही ओळी राखत बसावं लागलं असतं. असं केल्यावर जिकडं वस्तीच नाही तिकडं खालचे तक्ते बनतच नाहीत. काय डोकं आहे!
ही म्हणाली, "अवो, घास तोंडाजवळ धरून कुठं बगताय?"

९ फेब्रु.
चार पायऱ्या उतरणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला. आला निव्वळ कचरा. दुपारी कळलं. ओळीच्या शेवटी काही खुणा असतात, पान हजर आहे का, त्यावर लिहायची परवानगी आहे का, असल्या. मी खुणाही पत्त्यातच धरल्या. त्या झाडून टाकल्या, पुन्हा चालवला, आणि पडद्यावर:
"रोहिणी, मी तुजा आजा बोलतोय. मदी मदी खोकलो तर तेबी टाइप हुतंय काय बगू."
डोळे भरले. हसूही आलं.

१० फेब्रु.
सुरुवातीची पानं ओळीनं लागली. शाळा, गुऱ्हाळ, थोरल्या भावाचा मार. त्यापुढं लांबलचक पट्टा कचरा. बापू सात दिवस बोलला आणि माझ्या हातात एका दुपारचंच. चार पायऱ्या बरोबर, खुणा झाडलेल्या, मग का?

१३ फेब्रु.
तीन दिवस तेच. फोरमवर एकानं तयार साधन सुचवलं. त्याला या फाइलीचा साचा ओळखू येईना. त्याशिवाय, खरं लिहायचं तर, स्वतः उतरून बघायची हौस सुटत नाही. पण रोहिणी पुढल्या आठवड्यात आजाला भेटायला येणार. पद्मा आज काही विचारत नव्हती. ते जास्त लागलं.

१५ फेब्रु., रवि.
हिच्या भाच्याच्या लग्नाच्या पत्रिका वाटायला पेठ वडगाव. मेव्हणा शिवाजी बरोबर. एका बोळाच्या तोंडाशी थोरलं घर. तिथं त्यानं चूलबंद आवतण दिलं, म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी जेवायला यायचं. तो चहाला बसला. मी उत्साहानं पत्रिका घेऊन बोळात पुढं. पहिल्याच दारात म्हातारी कडाडली.
"का वो पावणं, आमी वायलं ऱ्हातोय व्हय? थोरल्या घरात दिलंसा न्हवं?"
बाहेरून दारं निरनिराळी, आत चूल एक. मी वेगळी पत्रिका देऊन त्यांची वाटणीच करून टाकली! शिवाजी आतून ओरडला, "दाजी, माघारी या! तितनं पुढं जायाचं नसतंय!"
माघारी फिरताना पाय थबकले. तितनं पुढं जायाचं नसतंय. मी तर सगळीकडं चौथ्या पायरीपर्यंत जातोय.
मोटारीत डोळे मिटून मनातल्या मनात तक्ते उतरत राहिलो. शिवाजीला वाटलं मला म्हातारीचं लागलं.

१६ फेब्रु.
तसंच निघालं. तिसऱ्या तक्त्याच्या ओळीत एक खूण असते. ती असली की खाली तक्ता नाही, हाच अखंड मोठा तुकडा, एका चुलीचा. कर्नल संधी मिळाली की शेजारची बारकी पानं गोळा करून असा मोठा तुकडा करतो. मी ती खूणही बाकीच्यांबरोबर झाडून टाकत होतो, आणि बापूच्या बोलण्यालाच तक्ता समजून त्यातून पत्ते वाचत होतो.
एक अट घातली. खूण दिसली की थांब. पाच दिवसांचा बापू एका दमात बाहेर आला.
पद्माला फोन केला. पलीकडून भांडं खाली ठेवल्याचा आवाज. मग, "काका, जेवायलाच या."

१८ फेब्रु.
बापूला वाचून दाखवायला लागलो. स्वतःच्याच विनोदाला अर्ध्या तोंडानं हसतो. भावाशी अबोला धरल्याची हकिकत आली तशी मान ताठ. घरी येऊन पुढचं काढलं तर एका ओळीत 'हजर' ही खूणच नाही. असलं पान मेमरीत नसतं, कर्नलनं जागेच्या ओढीत डिस्कवर हलवलेलं असतं. डिस्कवर कुठं, ते त्याच ओळीत असतं. तिथं गेलो. जुन्या डिस्कचा नेमका तोच भाग वाचता येईना. पुन्हा पुन्हा प्रयत्न करणारं साधन लावून ठेवलंय.

२० फेब्रु.
डिस्क तिथंच अडलेली. रोहिणी उद्या येते.
बापूला वाचलं: "मग एक दिस दादा काहिलीजवळ आला. मी रस ढवळत हुतो. माज्या हातातलं फावडं काडून घेतलं आनि म्हंटला"
थांबलो. त्यानं माझ्याकडं बघितलं.
"फुडचं पान हजर न्हाय बापू. डिस्कवर गेलंय. आणाय लागलोय."
त्यानं डोळे मिटले. ओठ हलायला लागले. पद्मा पाणी घेऊन धावली, त्यानं मानेनंच नको म्हटलं. डावा हात माझ्या मनगटावर आला, घट्ट. परत वाच.
परत वाचलं, काहिलीपासून फावड्यापर्यंत. त्याच्या घशातून काहीतरी वर आलं, शब्द नव्हता तो, पण आवाज होता. पद्मानं पदर तोंडाला लावला. बापूनं पुन्हा मनगट दाबलं.
आणखी एकदा वाचलं. मग तो दमला, झोपला.
डिस्क घरी घरघरतेय. दादा काय म्हणाला ते आधी ती देते का हा, बघू.