होडीच्या गोष्टीपायी सासूबाईंचा उपास

॥ श्री विघ्नहर प्रसन्न ॥

डिंभे, रविवार, १८ जानेवारी १९९८

चि. भगवंतास ताईचे आशीर्वाद. सासूबाई सोडून आम्ही सारी बरी आहोत. तुझ्या पित्ताचं कळलं. चहा कमी कर, दुधाचे पैसेही वाचतील.

काल इथल्या वाचनालयात मुलांनी आपण वाचलेल्या पुस्तकांविषयी बोलायचं होतं. तुझी भाची श्रेयाही बोलणार होती. मला गोष्टीबिष्टींचं वेड नाही हे तू जाणतोसच, पण सासूबाईंना कुठलंही पुस्तक म्हणजे पोथीच. सकाळी अंघोळ करून निरंकार उपास धरला, पदर घेऊन पुढे बसल्या आणि श्रेयाच्या पुस्तकापुढे तांदूळ-नारळ ठेवला. (नारळ देवघरातला उचलला, मला न विचारता.) श्रेया छान बोलली. धरणात एका मुलाची होडी भरकटते, पाणी आत येतं, आई काठावर कंदील घेऊन उभी, इथवर आली आणि म्हणाली, पुढची पानं फाटलीत. मुलांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाई जागच्या हलेनात. पोथी अर्धी टाकून जेवत न्हाईत, म्हणाल्या. समर्थ नावाचं एक कार्टं बोललं, "आज्जी, होडी बुडली. संपलं." "गप ए मुडद्या," सासूबाई म्हणाल्या, "त्याची आई उभी हाय तिथं." वाचनालय सांभाळणारे सोपानभाऊ समजावू लागले, "आवो, ही पोथी न्हाय, गोष्ट हाय." "मग नारळ फोडून कसा खाल्ला तुमी?" यावर ते मिशी पुसू लागले. (खोबरं त्यांच्या मिशीला होतं.)

कालपासून सासूबाईंच्या पोटात पाण्यापलीकडे काही नाही. शहात्तर वर्षांचं वय, त्यात बीपीची गोळी रिकाम्या पोटी घ्यायची नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. तेव्हा जुन्नरच्या मोठ्या वाचनालयात हे पुस्तक बघ आणि शेवट लगेच कळव. नाव श्रेयाने मागच्या बाजूला लिहिलंय.

तुझी,
ताई

ता. क. पत्र टाकायच्या आतच सासूबाई जेवल्या. ओझरच्या गणपतीने सोंडेने होडी काठाला ओढली, असं श्रेयाने ठोकून दिलं. "मला ठावं व्हतं," म्हणून दोन भाकरी खाल्ल्या.

ता. क. दुसरा. तरी शेवट कळवच. सकाळपासून माझं दूध दोनदा उतू गेलं. ती बाई कंदील घेऊन किती वेळ उभी राहणार? पोरगा बुडाला असेल तर तसंच लिही, मला काही होत नाही. फक्त कार्ड नको, पाकीट कर, पैसे जास्त पडले तरी चालतील. आमचा पोस्टमन कार्ड मोठ्याने वाचूनच सासूबाईंच्या हातात देतो.