सुक्या लाकडाचा भाव

प्रिय बारक्या,

तुझं लाकडाच्या भावांचं पत्र परवा मिळालं. नेहमीसारखंच होतं, वर तांबड्या लाकडाचे दर आणि खाली दोन ओळी, सगळे ठीक, तब्येतीला जप. अकरा वर्षांत तू मला याहून मोठं पत्र लिहिलं नाहीस आणि मीही 'पोचलं' यापलीकडे काही कळवलं नाही. फोनवर तर आपण दोघंही एकमेकांचा श्वास ऐकत बसतो आणि मग बायकांच्या हाती देतो. आज मात्र मोठं लिहिणार आहे. नीट बसून वाच, आणि मध्येच टाकून देऊ नकोस.

आधी भावाचंच बोलू, कारण ते मला बोलता येतं. तू लिहितोस, तिकडे डोंगरात लाकूड कापायच्या गिरणीच्या दारात घनफुटाला अठराशे. इथल्या वखारवाल्याने काल मला चार हजार सांगितले, आणि वर तोंड करून म्हणाला की तुम्ही जुने गिऱ्हाईक म्हणून. बंदरावर बाहेरदेशचा माल एकतीसशेला मिळतो म्हणतात, पण तो बघायला जायचं म्हणजे एक दिवस मोडतो आणि निम्म्या फळ्या आतून पोखरलेल्या निघतात. जंगल तेच, झाड तेच, पण ट्रकमध्ये चढलं की ते महाग होत जातं. दर नाक्यावर कुणीतरी हात पुढे करतो, दर वखारीत कुणाचं तरी पोट त्यावर भरतं. लोकांना वाटतं फरक तेवढाच. खरा फरक पाण्याचा आहे हे तू मला शिकवलंस. डोंगरात लाकूड ओलं विकतात, स्वस्त दिसतं, पण पैसे पाण्याचेही मोजलेले असतात. गावातलं महाग लाकूड म्हणजे कुणीतरी दोन-तीन वर्षं छपराखाली सांभाळून वाळवलेलं. तिथे पैसे जातात ते त्याच्या थांबण्याचे.

बाबा गेल्यावर वर्कशॉप आपल्या गळ्यात पडलं तेव्हा मी पंचवीसचा होतो आणि तू एकोणीसचा. मला हातातलं काम येत होतं, तुला लाकूड कळत होतं. मला फळीत कपाट दिसायचं. तू मात्र ती कुठल्या उतारावरच्या झाडाची, कधी पाडलेली, अजून किती आखडेल हे सांगत बसायचास, आणि मी वैतागून म्हणायचो की चरित्र पुरे, किंमत सांग. वर्षातून दोनदा तू डोंगरात जायचास, ओला माल आणायचास आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये थप्प्या लावायचास. फळ्यांमध्ये पट्ट्या घालून हवा खेळती ठेवायची, चिरा जाऊ नयेत म्हणून टोकांना मेण फासायचं, आणि प्रत्येक टोकावर लाल रंगाने माल आल्याची तारीख घालायची. जाडीच्या इंचाला एक वर्ष, त्याआधी कुणी हात लावायचा नाही, हा तुझा कायदा. मी तुझी काय कमी थट्टा केली का. घरातल्या माणसांपेक्षा फळ्यांचे वाढदिवस जास्त लक्षात ठेवतोस म्हणायचो. पण आपलं काम बाजारात सगळ्यांत स्वस्त असूनही टिकायचं, ते त्या शेडमुळे. डोंगराचा भाव आणि गावचा भाव यांच्या मधली कमाई तू थांबून थांबून करायचास.

आणि आज तू त्या गिरणीत हातात टेप घेऊन दुसऱ्यांच्या ओंडक्यांची मापं काढतोस. तुझ्या बायकोने वहिनीला सगळं सांगितलंय. मुलीला अभ्यासाला टेबल हवं होतं, ती म्हणाली बाबा तुम्हीच करा ना, तर तू उठून बाहेर गेलास आणि दुसऱ्या दिवशी लोखंडी टेबल विकत आणलंस. जिना चढताना कठड्याला हात लावत नाहीस, भिंतीच्या कडेने चढतोस. रंधा अकरा वर्षांत उचलला नाहीस. हल्ली जेवणही कमी झालंय, कुणी काही विचारलं तर म्हणतोस माझ्या हातून माणूस गेलंय, मला भूक कसली विचारता. हे ऐकून मी तुझ्या वहिनीला म्हणालो, फार मनाला लावून घेतलंय त्याने. एवढं म्हणून मी चहा प्यायलो.

त्या कठड्याबद्दल आपण कधीच बोललो नाही, म्हणून आता सगळं क्रमाने लिहितो. टेलरमास्तरांनी दुकानावर मजला चढवला आणि गॅलरीचा लाकडी कठडा आपल्याकडून करून घेतला. तू तेव्हा डोंगरात होतास. दरड कोसळून रस्ता बंद झाला आणि दीड महिना तिकडेच अडकलास. परत आलास तोवर कठडा लागून त्यावर पॉलिशही झालं होतं. पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी मास्तरीणबाई चादर झटकायला गॅलरीत आल्या, कठड्याला टेकल्या आणि कठड्यासकट खाली आल्या. आपण दोघं धावत गेलो. तोवर काही उरलं नव्हतं. खांबांच्या टोकाची कुसवं, म्हणजे खाचेत घट्ट बसवायच्या जिभा, खाचांतून सुळकन निघून आली होती. लोक बाईंभोवती होते, आणि तू एक खांब उचललास, त्याचं कुसू अंगठ्याने चाचपलंस आणि तुझा चेहरा पांढरा पडला. लाकूड ओलं असताना बसवलंय आणि उन्हाने आखडलंय, हे तुला कुणी सांगावं लागलं नाही.

संध्याकाळी शेडमागे तू मला एकच गोष्ट विचारलीस, "दादा, कुठल्या थप्पीतलं घेतलं होतंस?" मी म्हणालो, "तीन वर्षांच्या. टोकावरची तारीख बघूनच घेतलं." एवढंच बोललो मी. पुढचं सगळं तू स्वतःच स्वतःला पटवलंस. एकदा तू अंगात ताप असताना पावसात माल उतरवला होतास. त्या दिवशी ओल्या फळ्या सुक्या थप्पीत गेल्या असणार, त्यांच्यावर जुनी तारीख आपल्याच हाताने पडली असणार, असं तू धरून चाललास. चौकशीला आलेल्या साहेबांना तेच लिहून दिलंस. अपघात म्हणून फाइल बंद झाली. पण मास्तरांचं काय बंद होणार होतं? चौथ्या दिवशी ते वर्कशॉपच्या दारात आले आणि चार माणसांदेखत तुला म्हणाले, "तुझ्या हातचं काही कुणाच्या घरात नसावं." तू मान खाली घालून ऐकून घेतलंस आणि महिनाभरात बायको-मुलीला घेऊन गाव सोडलंस. मी बसपर्यंत आलो होतो. तुझं सामान मीच टपावर चढवलं.

त्यानंतर गावाने मला फार सांभाळून घेतलं. भावाने घोळ घातला आणि हा बिचारा निस्तरतोय, असं म्हणायचे. मी मान हलवायचो, एखादा उसासा टाकायचो. पहिलं वर्ष जड गेलं, खोटं सांगत नाही. झोप लागायची नाही. मग लागायला लागली. माणूस कशालाही सरावतो रे. तुझं भावांचं पत्र आलं की मी ते खिशात घालून वखारीत जायचो आणि त्याच्या जोरावर घासाघीस करायचो. गावात म्हणतात, लाकडाचा भाव याच्याइतका कुणाला कळत नाही. कुणी तसं म्हणालं की मला बरंसुद्धा वाटायचं.

परवा मास्तरांचा निरोप आला की घर विकतोय, गॅलरीच्या कठड्याचा उरलेला तुकडा काढून न्या. कठडा कोसळला त्या दिवशी भिंतीलगतचा भाग जागेवरच राहिला होता, एक खांब आणि वरच्या दांड्याचा हातभर तुकडा, ज्याचं टोक भिंतीत गाडलेलं होतं. मास्तरांनी अकरा वर्षं त्याला हात लावू दिला नव्हता. पुढे तारेची जाळी ठोकून घेतली होती, बस्स. आज सकाळी मी छिन्नी-हातोडा घेऊन गेलो. मास्तर शेजारी उभे होते. आता फार वाकलेत, कापायची कात्री दोन्ही हातांनी धरतात. भिंत फोडून मी दांडा ओढला, सिमेंटचा खपला गळून पडला आणि टोक उघडं झालं. त्यावर मेण होतं. मेणावर लाल रंगात तारीख होती, तुझ्या हातची, चारचा आकडा वरून उघडा सोडलेला. कठडा बसवला त्याच्या चार महिने आधीची. मास्तरांचा सगळा जन्म कापडावरच्या खडूच्या खुणा वाचण्यात गेलेला. त्यांनी चष्मा वर केला, तारीख वाचली आणि विचारलं, "ही कसली तारीख?"

बाकीची सगळी टोकं मी कापून शेगडीत घातली होती, बारक्या. हे एक भिंतीत जाणार होतं, कुणाला दिसणार नव्हतं, आणि कापलं असतं तर दांडा दोन बोटं तोकडा पडला असता. म्हणून राहिलं. तुझी तीन वर्षांची थप्पी कठड्याला गेलीच नव्हती. तू डोंगरात अडकला होतास तेव्हा एक बांधकामवाला आला. त्याला सुकं लाकूड तातडीने हवं होतं. तू सातशेने आणलेल्या मालाला त्याने एकवीसशे दिले. रंधासुद्धा न लावता तिप्पट. मला वाटलं आपण फारच हुशार निघालो, तू आलास की तुला सांगून चकित करू. मग मास्तरांच्या कठड्याची वेळ आली. बाजारात सुकं घ्यायला गेलो तर तेच एकवीसशे, आणि मास्तरांना मी दर सांगितला होता आपल्या शेडमधल्या मालाचा. बाहेरचं घेतलं असतं तर हुशारी तिथेच संपली असती. मी कठड्यासाठी चार महिन्यांची थप्पी फोडली. तारीख समोरच होती. वाचली, आणि करवत लावली. म्हटलं, लाकूडच आहे, सुकेल जागेवर. तुझ्यापाशी मात्र थप्पी विकल्याचा शब्द काढला नाही, कामांत संपली एवढंच म्हणालो, कारण तू नसताना तुझा माल विकला म्हणून चिडशील अशी भीती वाटली. मग ती दुपार आली, आणि त्यानंतर काहीच सांगता येईना. तू कधी एकाही फळीवर चुकीची तारीख घातली नाहीस. तापातसुद्धा नाही. मास्तरीणबाई तुझ्या हातून गेल्या नाहीत. माझ्या हातून गेल्या, आणि अकरा वर्षं मी तुला त्याची शिक्षा भोगू दिली.

आता हे पत्र का लिहितोय तेही खरं सांगतो. मला पश्चात्ताप झाला म्हणून नाही. तो व्हायला अकरा वर्षं होती. मास्तरांनी तारखेचं विचारलं तेव्हा मी खोटं शोधत होतो, आणि ते सापडायच्या आत त्यांनी माझा चेहरा वाचला. मग मी सगळं सांगून टाकलं. मला वाटलं हातोडा उचलतील. ते तिथेच गॅलरीत खाली बसले. मग त्यांनी एवढंच विचारलं की तुझा भाऊ कुठे राहतो. आत्ता मी त्यांच्या दुकानात, कापड बेतायच्या टेबलावर हे लिहितोय आणि ते समोर मशीनच्या स्टुलावर बसलेत. प्रत्येक पान वाचतात. दोन पानं त्यांनी फाडून परत लिहायला लावली, कारण त्यांत मी तुझ्या तापाचं जरा जास्तच रंगवलं होतं. उद्या मी पोलिसांत जायचं, हेही त्यांनीच ठरवलंय, आणि जाईन. पत्र ते पोस्टात टाकणार नाहीत. मी टाकेन यावर त्यांचा विश्वास नाही, आणि खरं सांगू, माझाही नाही. उद्या सकाळच्या गाडीने ते स्वतः घेऊन येतायत आणि तू शेवटची ओळ वाचेपर्यंत तुझ्यासमोर बसून राहणार आहेत. बोलणं तुमच्या दोघांतलं आहे, मी त्यात पडत नाही. तू हे वाचतोयस म्हणजे ते आत्ता तुझ्या समोर आहेत. इतका वेळ तू मान खालीच घातली असशील, मला माहीत आहे. आता वर बघ.

तू नाकारलंस तरी तुझाच,
दादा