बेपत्ता सासूबाईंच्या प्रकरणी सुनेस संशयित ठरवून मिळणेबाबत

दिनांक : १९ नोव्हेंबर, मंगळवार

प्रति,
मा. पोलीस निरीक्षक साहेब,
बेपत्ता व्यक्ती नोंद विभाग,
पोलीस ठाणे (टपाल कार्यालयासमोरील).

विषय : अर्जदार सुनेस संशयित घोषित करून तसे सर्व वृत्तवाहिन्यांस तातडीने कळविणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे दि. ६, ९ व १४ नोव्हेंबरचे तीन अर्ज.
२) तिन्ही अर्जांस मिळालेले उत्तर : "बघू." (तोंडी)

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की :

१. अर्जदार ही घरी शिवणकाम करते. अर्जदाराचे पती लिफ्ट दुरुस्त करतात व दिवसाकाठी मोजकेच बोलतात, सबब हा अर्जही अर्जदारानेच लिहिला आहे. पतीच्या मातोश्री, म्हणजे अर्जदाराच्या सासूबाई, वय ७४, शाळेतून शिपाई म्हणून निवृत्त, या दि. ५ नोव्हेंबर, मंगळवारी सकाळी सव्वादहा वाजता घरातून निघून गेल्या, त्या आजतागायत परतलेल्या नाहीत. अंगात निळा स्वेटर असून वरून तिसरे बटण तपकिरी आहे. घरात शिवणारीण असताना बटण वेगळे कसे, असा प्रश्न ठाणे अंमलदार साहेबांनी नोंद करताना विचारला होता. ते बटण सासूबाईंनी स्वहस्ते लावलेले असून ते बदलण्याचे अर्जदाराचे सर्व प्रयत्न त्यांनी सहा वर्षे हाणून पाडले आहेत. जवळ मोबाईल नाही. लांबचा चष्मा खिडकीतच राहिला आहे.

२. त्याच दिवशी, आमच्याच रस्त्यावरून, दंतवैद्यांची मुलगी, वय २१, हीदेखील बेपत्ता झाली. दोन्ही नोंदी आपल्याच ठाण्यात, एकाच बाकावर, अर्ध्या तासाच्या अंतराने झाल्या. अर्जदाराकडे पेन नव्हते, ते मुलीच्या आईने दिले. त्याच पेनाने आधी तिने सही केली व मग अर्जदाराने. इथवर दोन्ही प्रकरणे सारखीच होती, हे कृपया ध्यानात घ्यावे.

३. संध्याकाळपर्यंत दंतवैद्यांच्या दारात चार वाहिन्यांच्या गाड्या उभ्या राहिल्या. अर्जदाराच्या दारात फक्त एक गिऱ्हाईक आले, तेही पँट आखूड करायला. तेव्हा अर्जदार स्वतः सासूबाईंचा फोटो घेऊन दंतवैद्यांच्या फाटकाशी, कॅमेऱ्याला दिसेल अशा बेताने उभी राहिली. त्यावर कॅमेरावाले म्हणाले, "काकू, जरा बाजूला व्हा, फ्रेममध्ये येताय." फ्रेममध्ये यायलाच उभी आहे, असे अर्जदाराने स्पष्ट केले. ते त्यांना पटले नाही.

४. फोटोबाबत खुलासा. सासूबाईंचे एकूण दोन फोटो उपलब्ध आहेत. पहिला पासबुकावरचा. त्यात त्या फोटोग्राफरला काहीतरी सुनावण्याच्या बेतात असून तोंड अर्धे उघडे आहे. दुसरा कुटुंबाचा. त्यात सगळ्यांच्या पिशव्या धरून त्या कडेला उभ्या असल्याने त्यांचा एकच कान आला आहे. दंतवैद्यांच्या मुलीचे फोटो मात्र एकाहून एक सरस. दात तर घरचेच. अर्जदाराचा तिच्यावर कसलाही राग नाही. ती सापडावी म्हणून अर्जदारानेही देवाला साकडे घातले होते. मात्र साकडे दोघींसाठी घातले होते.

५. अर्जदाराचा धंदा मापाचा असल्याने अर्जदाराने शिवणाच्या टेपने वर्तमानपत्रे मोजली. दि. ६ ते १० या काळात दंतवैद्यांच्या मुलीस एकूण दोन मीटर बारा सेंटिमीटर मजकूर मिळाला, फोटो वेगळे. एका हरवलेल्या पोपटास नऊ सेंटिमीटर, रंगीत. सासूबाईंस तीन ओळी, म्हणजे सव्वा सेंटिमीटर, त्याही पाण्याच्या टाकीच्या जाहिरातीखाली. एवढ्या कापडात साहेब, बाहुलीचा रुमालसुद्धा होत नाही.

६. असे का, म्हणून अर्जदाराने एका वाहिनीच्या वार्ताहर बाईंना गाठले. बाई मनाने वाईट नाहीत, उभ्या उभ्या का होईना पण खरे बोलल्या. "काकू, प्रेक्षकाला वाटलं पाहिजे, ही माझीही मुलगी असू शकते." प्रत्येक प्रेक्षकाला आई असते आणि निम्म्यांना तर सासूही असते, हे अर्जदाराने निदर्शनास आणले. त्यावर त्या म्हणाल्या, "पण काकू, आजींचं पुढे काय व्हायचं होतं? मुलीचं उज्ज्वल भवितव्य होतं." वास्तविक सासूबाईंचेही भवितव्य होते. त्यांना गुरुवारी दाढ काढायची होती, दंतवैद्यांकडेच.

निघताना बाईंनी हळूच विचारले, "घरात काही वाद? मालमत्तेचा वगैरे? सुनेवर संशय?" तेव्हा अर्जदाराने बाणेदारपणे "मुळीच नाही" असे उत्तर दिले व तिथेच घोडचूक केली. बाईंनी लगेच वही मिटली.

७. शनिवारी, दि. ९ रोजी दंतवैद्यांची मुलगी सुखरूप परतली. परीक्षेत नापास झाल्याने घाबरून ती मैत्रिणीकडे गेली होती. सर्व वाहिन्यांवर तिची मुलाखत झाली. तीत ती म्हणाली की, बसमध्ये ती रडत असताना शेजारी बसलेल्या एका अनोळखी आजींनी तिला सांगितले, "नाक पूस आधी, मग रड. दोन्ही एकदम जमत नाही." या वाक्यावर चार दिवस विचार करून ती घरी आली. हे सांगताना पडद्यावर एका आजीचे चित्र दाखवले. पांढरे केस, गोड हसू, डोक्यामागे प्रकाश.

साहेब, अर्जदाराच्या हातातली सुई बोटात शिरली. चित्र साफ चुकीचे आहे, सासूबाई तशा जन्मात हसलेल्या नाहीत. पण वाक्य त्यांचेच. गेल्या बावीस वर्षांत अर्जदाराने ते शेकडो वेळा ऐकले आहे, पहिल्यांदा लग्नाच्या तिसऱ्या दिवशी. म्हणजे ज्यांना तीन ओळींवर जागा मिळत नव्हती, त्या सासूबाई चारही वाहिन्यांवर आठ सेकंद झळकून गेल्या, बिननावाच्या. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

८. अर्जदार तडक मुलीकडे गेली. मुलगी फार चांगली आहे. तिने लेखी दिले (सोबत जोडले आहे) की, आजी नदीपलीकडे जाणाऱ्या बसमध्ये होत्या, त्यांच्या हातात वर्तमानपत्राचे कात्रण होते, त्यावर एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फोटो होता, आणि "यांना पाहिलंत का हो?" असे त्या प्रत्येक प्रवाशाला विचारत होत्या. जुन्या कारखान्याच्या थांब्यावर त्या उतरल्या. मुलीने हे सर्व मुलाखतीतही सांगितले होते. विषयांतर होते म्हणून वाहिनीने ते कापले.

अर्जदाराने वार्ताहर बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "काकू, मुलगी सापडली, ती स्टोरी संपली. शेवट गोड झालाय, आता कशाला उघडायची?" मग अर्जदाराने दि. १४ चा तिसरा अर्ज आपल्याकडे दिला. तो ठाणे अंमलदार साहेबांनी पहिल्या दोन अर्जांवर ठेवला व त्यावर पेपरवेट ठेवला.

९. कात्रणाविषयी. सासूबाईंना पंचवीस वर्षांपासून एक खोड आहे. शाळेत असताना हरवलेल्या वस्तूंचे कपाट त्यांच्या ताब्यात होते. एकेक मोजा, टोपी, पाण्याची बाटली त्या वर्षानुवर्षे सांभाळत व येणाऱ्याजाणाऱ्या मुलांच्या पायांकडे बघत. निवृत्त झाल्यावर वस्तू संपल्या म्हणून त्यांनी माणसे धरली. रोज सकाळी वर्तमानपत्रातील 'हरवले आहेत'चे फोटो कापायचे आणि बिस्किटांच्या डब्यात ठेवायचे. डब्यात त्यांनी कापलेली चारशे अठरा माणसे आहेत. बाजारात, दवाखान्यात, थांब्यावर त्या लोकांची तोंडे निरखत उभ्या राहत, त्यावरून दोनदा भांडणेही झाली. "अहो आई, असल्या जाहिराती कोण बघतं?" असे अर्जदार म्हणे. "मी बघते," असे त्या म्हणत.

दि. ५ च्या वर्तमानपत्रास खिडकीएवढे भोक होते. इस्त्रीवाल्याकडून त्याच दिवसाचा दुसरा अंक आणून पाहता, भोकाच्या जागी एक घड्याळजी निघाले. वय ८१, विसरभोळे, घरातून निघून गेलेले, जुन्या कारखान्याच्या परिसरात शेवटचे दिसलेले. अर्जदार व पती तिथे चार वेळा जाऊन आले. फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, "एक आजी आल्या होत्या फोटो घेऊन. असे एक बाबा मोठ्या रस्त्याच्या बसमध्ये चढलेले मी पाहिलेत म्हटलं, तर त्याही मागची बस धरून गेल्या." तो मोठा रस्ता पुढे सात गावांना फुटतो. तिथवर अर्जदाराचे पाय पोचत नाहीत, टीव्ही पोचतो.

१०. आता मूळ मुद्दा. म्हातारे माणूस हरवले तर बातमी होत नाही, पण सुनेने हरवले तर होते. ही बाब अनुभवाने सिद्ध झाल्याने अर्जदार आपल्यावर संशय घेण्यास पुढील आधार स्वखुशीने सादर करते :

सासू-सुनेचे सख्य विळ्या-भोपळ्याचे असल्याचे संपूर्ण मजला शपथेवर सांगेल. इस्त्रीवाला सर्वांत जास्त सांगेल, त्याला आधी वेळ द्यावी. दि. ५ रोजी सकाळी मोठे भांडण झाले. कारण, सासूबाईंनी अर्जदाराच्या कापडाच्या कात्रीने कागद कापला. कापडाच्या कात्रीने कागद कापला की धार मरते, हे शिवणकाम करणाऱ्या कोणालाही विचारावे. अशा गुन्ह्यास आमच्या धंद्यात क्षमा नाही. शस्त्रही अर्जदाराच्या ताब्यात आहे, आठ इंची, लाल मुठीचे. वाहिन्यांस ते निश्चित आवडेल.

अर्जदारास संशयित घोषित करताच चार गाड्या दारात येतील. "तुम्हीच केलंत का?" असे ओरडून विचारतील. तेव्हा अर्जदार पदराआड किंवा ओढणीआड तोंड लपवणार नाही. एका हातात सासूबाईंचा फोटो आणि दुसऱ्या हातात घड्याळजींचा फोटो धरून उभी राहील. फ्रेममधून बाजूला व्हा, असे कोणी म्हणू शकणार नाही. सासूबाई हट्टी आहेत, हाती घेतलेले काम टाकून परत फिरणाऱ्यांतल्या नव्हेत. म्हणजे घड्याळजी सापडल्याशिवाय त्या सापडत नाहीत, व एकाच तपासात दोन नोंदी निकाली निघून ठाण्याच्या वेळेचीही बचत होईल.

११. हा अर्ज म्हणजे चेष्टा आहे, असे आपणांस वाटू नये म्हणून, मागील तिन्ही अर्जांत दडवलेली एक बाब नमूद करते. भांडणात सासूबाई म्हणाल्या, "कात्रीला काय धरून बसलीस? माणूस हरवलंय." त्यावर अर्जदार म्हणाली, "एवढी परक्यांची काळजी आहे, तर जा ना शोधायला!"

त्या गेल्या, साहेब. पहिल्यांदाच माझं ऐकलं त्यांनी.

त्यामुळे संशय खोटा ठरेल, अशी भीती आपण बाळगू नये. तो अर्जदाराने स्वतःवर पहिल्या दिवसापासून घेतलेलाच आहे, आपण फक्त शिक्का मारायचा आहे.

१२. तरी मायबाप साहेबांनी अर्जदारास आजच संशयित घोषित करावे, सातही गावांच्या ठाण्यांना दोन्ही फोटो धाडावेत, व सासूबाई सापडल्यास सून रडली हे त्यांना सांगू नये. त्या नाक पुसले होते का, एवढेच विचारतील.

संशयास पात्र राहू इच्छिणारी,
आपली नम्र,
(सही)
अर्जदार सून

सोबत :
१) दंतवैद्यांच्या मुलीचा लेखी जबाब.
२) सासूबाईंचा पासबुकावरील फोटो, मोठा करून. (तोंड उघडेच आहे.)
३) सासूबाईंचा लांबचा चष्मा, डबीसह. जो कोणी त्यांना शोधेल त्याने आधी हा द्यावा, म्हणजे परतीच्या बसचा क्रमांक दिसेल.
४) बिस्किटांचा डबा, आतील कात्रणे ४१९. सर्वांत वरचे तीन ओळींचे असून ते अर्जदाराने कापले आहे, कापडाच्या कात्रीने.